किसनआबांच्या जीपचे आठ टॅपेट

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत मी आयुष्यभर नेमकं काय काम केलं हे कुणालाच धड माहीत नाही. "इंजिनाचं काहीतरी" इथवर येऊन सगळे थांबतात. आमच्या हिनेसुद्धा माहेरी वर्षानुवर्षं तेवढंच सांगितलं. मीही कधी खोलात गेलो नाही, कारण समजावून सांगायला घेतलं की समोरच्याचे डोळे दोन मिनिटांत मिटायला लागतात. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाची ताटली हातात असते, तो सहसा झोपत नाही. म्हणून सांगतो.

मी कॅमशाफ्ट ग्राइंड करत असे. धाराशिवकडून आलो तेव्हा आधी चिंचवडच्या एका कंपनीत, तिन्ही शिफ्टमध्ये, आणि पुढं तळवड्यात स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

इंजिनाला श्वास लागतो. हवा आणि पेट्रोल आत येण्याचं एक दार असतं, धूर बाहेर जाण्याचं दुसरं. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. कॅमशाफ्ट हा एक लांब दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा वर येतो आणि दार उघडतो, पुढं सरकला की दार मिटतं. उंचवटा आणि दार यांच्यामध्ये बोटाएवढा एक पोलादी तुकडा उभा असतो. पुस्तकात त्याला लिफ्टर म्हणतात, आमच्याकडं टॅपेट. एवढं कळलं की माझा धंदा कळला.

कंपनीत एकाच मापाचे कॅम हजारांनी निघत. माझ्या शेडमध्ये मात्र ज्यांना कंपनीचं इंजिन मिळमिळीत वाटायचं ते लोक यायचे. जुन्या जीपवाले, जुन्या मोटारी हौसेनं बाळगणारे, एरवी आयटीत नोकरी करून रविवारी हात काळे करणारे. सगळ्यांचं मागणं एकच: मोठा कॅम द्या. मोठा म्हणजे दार जास्त उघडणारा, जास्त वेळ उघडं ठेवणारा. इंजिन जोरात फिरत असताना असा कॅम खरंच मजा आणतो. पण हळू चालताना तेच दार नको तेव्हा उघडं राहतं, घेतलेला श्वास परत बाहेर पडतो आणि गाडी उभ्या जागी खोकत राहते. तो खोकला, ती धडधड, हीच तर अनेकांना हवी असते.

रावेतचा एक तरुण मला आठवतो. सिग्नलला लोकांनी वळून बघावं एवढीच त्याची इच्छा होती. मी परोपरीनं समजावलं, मग त्याला हवा तसा कॅम करून दिला. लोकांनी वळून पाहिलंच, कारण रावेतपासून तळवड्यापर्यंत प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. महिन्याभरात तो परत आला. "काका, जरा शहाणा कॅम द्या," म्हणाला. मी हसलो नाही. लोकांचं त्याला पुरेसं हसून झालं होतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. इंजिनाबद्दल शेवटी विचारायचं, आधी माणसाबद्दल. राहता कुठं, रस्ता कसा आहे, गाडीत वजन किती असतं, चढ लागतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही गाडी घरात आणखी कोण चालवतं. या शेवटच्या प्रश्नानं बरेच जण बुचकळ्यात पडायचे. उत्तर आलं की कॅम निम्मा ठरलेला असायचा.

दुसरा नियम याकूबभाईंचा. काळेवाडीत त्यांचं गॅरेज. मी कॅम करायचो आणि इंजिन बांधायचं काम त्यांच्याकडं पाठवायचो. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण आमची भांडणं फक्त चहात साखर किती यावरून झाली. त्यांचा नियम असा की इंजिन उघडलं की टॅपेट लगेच अंड्याच्या ट्रेमध्ये ओळीनं लावायचे, पहिला पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्या. कारण टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी किंचित फुगीर असतो, आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका. त्यामुळं टॅपेट काम करताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडं सारखी होते. काही काळानं दोघं एकमेकांशी इतके जुळतात की एका उंचवट्याचा टॅपेट दुसऱ्या उंचवट्यावर ठेवला तर तो फिरत नाही. जागच्या जागी घासतो आणि कॅम खाऊन टाकतो. ट्रेला कुणी हात लावला तर याकूबभाई, एरवी आवाज न चढवणारा माणूस, अक्षरशः अंगावर यायचे.

आता विशालचं सांगतो. तो चाकणच्या पलीकडच्या एका गावचा. घराची शेती, स्वतः एका कारखान्यात कामाला. जुनी पेट्रोल जीप त्यानं जिवापाड सांभाळली होती. बोअर वाढवलेलं, कार्ब्युरेटर मोठा, सायलेन्सर सरळ. व्हिडिओ पाहून सगळी मापं पाठ करून आला होता आणि सांगत होता तो कॅम शर्यतीचा होता. मी माझे प्रश्न सुरू केले. आणखी कोण चालवतं म्हटल्यावर तो थांबला.

"आबा चालवतात. बाजाराला नेतात, शेतावर नेतात."

"वाट कशी आहे?"

"शेताकडं वळणावर चढ आहे. पोती असली की जीपचा जोर मोडतो, मग पहिला गिअर टाकावा लागतो." जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाला, "आबांचा डावा गुडघा गेलाय. तिथं क्लच दाबताना ते ओठ घट्ट मिटतात. बोलणार काही नाहीत, पण मी शेजारी असतो ना, दिसतं."

मी त्याला सांगितलं, दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ ओढायचा असेल तर कॅम लहान लागेल. खालच्या वेगात ताकद मिळेल, पण वरची मजा जाईल. धडधड अजिबात नाही. दोस्त चिडवतील. त्यानं चहा संपवला. पेला खाली ठेवत म्हणाला, "दुसऱ्यात चढ निघू द्या, काका. आवाजाचं सायलेन्सरवर बघू." जाताना दारातून परत वळला. "आबांना मात्र सांगू नका. कळलं तर मुद्दाम पहिला टाकतील." मी शब्द दिला.

मी कॅम मनापासून केला. बिनकामाचा आवाज करणारे शेकडो कॅम केले होते, त्यामुळं कुणाच्या गुडघ्यासाठी कॅम करायला मिळणं हे मला भाग्याचं वाटलं. विशाल एकदा येऊन "निघतो चढ" एवढं सांगून गेला. मग तो आला नाही. माणसं काम झालं की येत नाहीत, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

बऱ्याच दिवसांनी शेडच्या दारात एक टेम्पो थांबला. धोतर-टोपीतला एक म्हातारा उतरला, डाव्या पायानं लंगडत. टेम्पोत इंजिनाचा ब्लॉक होता, गोणपाटात गुंडाळलेला कॅम होता, आणि म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातांत धरलेलं, फडक्यानं झाकलेलं तांब्याचं ताम्हण होतं.

"विशालचा बाप मी. किसन," ते म्हणाले. "पोरगं गेलं आमचं. कावीळ उलटली."

मला बसायला सांगायचंही सुचलं नाही. याकूबभाई योगायोगानं शेडमध्येच होते, त्यांनी खुर्ची पुढं केली. आबांनी हळूहळू सांगितलं. आजारी पडण्याआधी विशालनं पिस्टनच्या रिंगा बदलायला इंजिन खोललं होतं. ते तसंच पडलं. तेरावं झाल्यावर लोक म्हणाले भंगारात द्या. आबांनी दिलं नाही.

"आता तुमी ह्ये बांधा, मिस्तरी. पण ह्यो कॅम न्हाई घालायचा. मोठा घाला. त्येला मोठाच पायजे व्हता, दोस्तांम्होरं सारखा बोलायचा. मी वरडलो त्येच्यावर. म्हनलं, बाजाराला जायाची गाडी हाय, तमाशाची न्हाई. मंग त्यो गप बसला अन् ह्यो बारका घातला. माज्या भ्यानं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्येची येवडी हौस म्या मारली. आता तरी हू दे."

मी कॅम पुसायला घेतला, नुसता हाताला चाळा म्हणून. दिलेला शब्द मोडायचा की नाही, याचा विचार करत होतो. याकूबभाईंना विशालची गोष्ट मी तेव्हाच सांगितली होती. ते माझ्याकडं बघत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ताभाऊ, मुलानं गप्प बसायला सांगितलं ते बापाला त्रास होऊ नये म्हणून. आता गप्प बसण्यानंच त्रास होतोय."

मग मी आबांना सगळं सांगितलं. तो प्रश्न, ते उत्तर, चढ, पोती, घट्ट मिटलेले ओठ. लहान कॅम भीतीनं घेतला नव्हता, स्वतः मागून घेतला होता. आवाजाचं सायलेन्सरवर बघू म्हणाला होता तेही सांगितलं. पहिला टाकतील म्हणाला होता, तेही.

आबांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गुडघ्याचं त्येला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. त्यानं पाहिलं."

"मी तर कदी बोललो न्हाई."

"तेच म्हणाला तो. बोलणार नाहीत म्हणून."

म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले, मग पुन्हा पुसले. शेजारच्या युनिटमध्ये प्रेस चालू होता, त्याच्या आवाजाचा त्या दिवशी आधार वाटला.

"मंग ह्योच घाला," आबा शेवटी म्हणाले. "ह्योच. दुसरा न्हाई."

मी म्हटलं, कॅमला काही झालंच तर हुबेहूब असाच दुसरा करता येईल, मापं माझ्याकडं आहेत. त्यांनी मान हलवली. "हुबेहूब म्हंजी त्यो न्हवं. ह्यो त्येनं हातात धरलेला हाय."

आणि मग त्यांनी ताम्हणावरचं फडकं काढलं.

आठही टॅपेट आत गोल मांडलेले होते. लखलखीत घासलेले, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, मध्ये झेंडूचं सुकलेलं फूल. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुवून पुजतात. कारखान्यात मशीनला, शेतात नांगराला, शिंप्याच्या घरी कात्रीला हळदकुंकू लागतं. विशालची हत्यारं आबांनी पुजली होतीच, आणि इंजिनाचे हे सुटे भागही अंड्याच्या ट्रेमधून काढून, रॉकेलमध्ये धुवून, एकेक पुसून देवापुढं मांडले होते.

याकूबभाईंनी ताम्हणाकडं पाहिलं आणि मान फिरवली. ज्या माणसानं ट्रेला हात लावणाऱ्यांना जन्मभर फैलावर घेतलं, तो एक अक्षर बोलला नाही.

मी एक टॅपेट उचलून तळ पाहिला, दुसरा पाहिला. खुणा वाचून कुणाची जागा कुठली ते कळेल का म्हणून भिंग घेतलं. दोन टॅपेटबद्दल अंदाज बांधता आला, बाकीच्यांबद्दल काही नाही. "आबा, यांचा क्रम राहिला नाही," मी म्हणालो. "हे मिसळलेत. असेच घातले तर कॅम जाऊ शकतो."

"कुनी मिसळलं?"

याकूबभाई चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. आबा ताम्हणाकडं बघत होते, मग स्वतःच्या बोटांकडं.

"पोरानं वळीनं लावून ठिवलं व्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, अंड्याच्या पुठ्ठ्यात देव कुठं बसवायचं." मग जरा थांबून, "म्हंजी म्याच की."

"तुम्ही प्रेमानं केलं, आबा."

"प्रेमानं केलं म्हनून लोखंडाला कळतंय व्हय," ते म्हणाले.

नवे टॅपेट घालावेत असं कुणीही म्हणेल. पण या जुन्या इंजिनाचे म्हणून हल्ली बाजारात जे मिळतात त्यांचे तळ मी तपासले आहेत. बरेच अगदी सपाट असतात, काही मऊ. त्यांच्यापेक्षा हे जुने बरे. मी त्या आठही टॅपेटचे तळ पुन्हा हलकेच ग्राइंड केले, फुगवटा नव्यानं दिला, म्हणजे त्यांची जुनी ओळख पुसून त्यांना कोरं केलं. आता ते कुठल्याही उंचवट्याशी नव्यानं जुळू शकत होते. शकत होते, एवढंच. घातल्यावर जुळतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि न जुळल्यास विशालनं निवडलेला तो एकुलता एक कॅम वाया जाणार होता. मी आबांना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "घाला."

असं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना ते हळू चालू द्यायचं नसतं. सुरू झालं रे झालं की वेग वाढवायचा आणि वीसेक मिनिटं तसाच धरून ठेवायचा, म्हणजे तेल नीट उडतं आणि टॅपेट फिरायला लागतात. त्या वीस मिनिटांत कॅम जगतो किंवा मरतो. काळेवाडीच्या गॅरेजमध्ये याकूबभाईंनी इंजिन गावाहून ओढून आणलेल्या जीपमध्ये बसवलं. टॅपेटवर उभ्या असलेल्या दांड्यांना, म्हणजे पुशरॉडना, मी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. वरचं झाकण उघडं ठेवलं. ठिपका फिरताना दिसला की खालचा टॅपेट फिरतोय असं समजायचं.

वेग धरायला आबा म्हणाले, मीच बसतो. त्यांचा उजवा पाय धड होता. ते बसले, याकूबभाईंनी चावी दिली, आणि इंजिन एका दमात लागलं. तेल अंगावर उडत होतं, मी बॅटरी धरून ठिपके बघत होतो. पहिला फिरतोय, दुसरा, तिसरा. सहावा फिरत नव्हता.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. ठिपका जागच्या जागी वरखाली होत होता. मी हात वर करून बंद करायची खूण केली. आबांनी पाहिली नाही. त्यांनी डोळे मिटले होते. मुलगा गेल्यापासून ते इंजिन प्रथमच बोलत होतं आणि ते ऐकत होते. मी ओरडलो, ते इंजिनाच्या आवाजात बुडालं. शेवटी याकूबभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवली.

एकदम शांतता झाली. आबांनी डोळे उघडले.

"ग्येला?" त्यांनी विचारलं.

"बघू द्या."

बाजूचं झाकण काढून सहावा टॅपेट बाहेर घेतला. उंचवट्यावर बॅटरी मारली. कडेला करपल्यासारखी एक बारीक रेघ होती, तिला नख लावून पाहिलं. नख अडकलं नाही. कॅम शाबूत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर नसता राहिला. माझ्या कपाटात जुन्या काळचा, कधीच न वापरलेला एक चांगला टॅपेट मी जपून ठेवला होता. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. शेडमध्ये जाऊन तो आणला आणि घातला.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आबांनी डोळे मिटले नाहीत, सारखे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी सहाव्या ठिपक्याकडं बघत होतो. तो आधी अडखळला, मग हळूच निघाला आणि फिरत राहिला. मी अंगठा वर केला. वेळ पुरी झाल्यावर आबांनी पाय काढला आणि इंजिन खाली आलं, शांत, एकसारखं, कुठंही न खोकता. सायलेन्सरचा तेवढा विशालनं ठेवलेला भारदस्त आवाज होता. आबा म्हणाले, "व्हय. आसंच वाजायचं." याकूबभाई पाठ करून हात धूत राहिले, बराच वेळ.

पुढच्या खंडेनवमीला आबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. जीप अंगणात सबंध उभी होती, बॉनेटवर हार. देवघरातल्या ताम्हणात या वेळी एकच टॅपेट होता, तो सहावा. "ह्येला आता कुठंच जागा न्हाई," आबा म्हणाले, "म्हनून हितं."

जेवण झाल्यावर म्हणाले, चला, शेत दाखवतो. मागं खताची पोती होती, त्यांवर याकूबभाई बसले, मी पुढं. कारखान्यांच्या भिंती संपल्या, कच्ची वाट लागली, आणि वळणावर तो चढ आला. चांगला उभा होता. निम्म्यावर जीप जरा दबली, तसा सवयीनं आबांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि डावा पाय क्लचवर. त्यांनी हात तसाच ठेवला, क्षणभर वाट पाहिली. मग पाय काढून खाली ठेवला. इंजिन खालच्या आवाजात घुमलं आणि पोत्यांसकट, आम्हा तिघांसकट, दुसऱ्याच गिअरमध्ये वर चढलं.

वर सपाटीला पोचल्यावर मला वाटलं आता जीपमधून उतरायचं. पण आबांनी काही न बोलता जीप वळवली आणि पुन्हा चढाच्या पायथ्याशी नेली.

"आजून एकदा," ते म्हणाले. या वेळी त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.